‘काल तर जमले होते!’ : दीर्घ आजार आणि भोवतालची माणसे

प्रश्न : मला आमवात, म्हणजे रुमेटॉइड आर्थ्रायटिस आहे. रविवारी पाहुण्यांचा स्वयंपाक केला आणि सोमवारी कणीक मळता आली नाही, तर सासूबाई म्हणाल्या, ‘काल तर जमले होते!’ त्यांना कसे समजावू? (मुलुंड)

उत्तर : काल जमले ते आज जमायला हवे, हा सासूबाईंचा हिशेब निरोगी माणसाचा आहे. या आजारात सांध्यांच्या अस्तराला येणारी सूज कमीजास्त होत राहते आणि सकाळचा ताठरपणा तासाहून अधिक टिकू शकतो; त्यामुळे सकाळी डब्याचे झाकणही न उघडू शकणारा हात संध्याकाळी भाजी चिरतो, यात ढोंग नसते. मात्र हे वादाच्या भरात सांगू नये, तेव्हा ती सबब वाटते. निवांत दुपारी, पतीच्या देखत, ‘मला त्रास होतो’ असे मोघम न बोलता, ‘नऊपर्यंत कणीक मळणे आणि कुकर उचलणे जमणार नाही, भाजी मात्र मी करीन’ असे नेमके सांगावे. मेथोट्रेक्सेट या आमवातावरील औषधाची आठवड्याची मात्रा घेतल्यावर दुसऱ्या दिवशी मळमळ किंवा थकवा येत असेल, तर तो वारही आधीच सांगून ठेवावा. पुढच्या तपासणीला सासूबाईंना बरोबर न्यावे. सुनेपेक्षा डॉक्टरांचे ऐकले जाते, हे मला रुचत नाही. पण उपयोगी पडते.

प्रश्न : मला मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूचा दीर्घ आजार आहे. उन्हाळ्यात गर्दीच्या लोकलने कार्यालयात पोचेपर्यंत डोळ्यांपुढे धूसर होते. साहेबांना ‘आळस’ वाटतो. (बोरिवली)

उत्तर : शरीराचे तापमान वाढले की या आजारातील लक्षणे तात्पुरती बळावतात, हे वैद्यकशास्त्राला ठाऊक असलेले लक्षण आहे. साहेबांना आजाराचा इतिहास ऐकवू नका. गर्दी टाळणारी वेळ किंवा घरून काम, अशी एकच मागणी डॉक्टरांच्या पत्रासह लेखी द्या. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 मधील 21 प्रकारांत हा आजार आहे आणि खासगी आस्थापनांनीही समान संधी धोरण जाहीर करावे, असे तो कायदा सांगतो. तुमच्या कंपनीचे धोरण मागून घ्या आणि दिव्यांगत्व प्रमाणपत्रासाठी अर्ज करा.

प्रश्न : लोकलमध्ये बसायला जागा मागितली की ‘दिसायला तर ठणठणीत आहेस’ असे ऐकावे लागते. (कुर्ला)

उत्तर : अनोळखी माणसाला आजाराचे नाव सांगण्याचे बंधन तुमच्यावर नाही. ‘मला आजार आहे, उभे राहता येत नाही’ एवढे पुरे. तरीही कोणी हुज्जत घातली, तर दुसऱ्या प्रवाशाकडे जागा मागा.