नुसती यादी नको, टीप लिही

तुझी संदर्भांची यादी पाहिली. चाळीस दुवे, आणि एकापुढेही ओळ नाही! महिन्याभराने हे का ठेवलं होतं ते तुलाच आठवणार नाही. पाचच ठेव, पण स्वतः वापरून बघितलेले.

टीप कशी असावी ते मोल्सवर्थच्या कोशावरून सांगते. 'छान मराठी-इंग्रजी कोश' एवढं लिहून उपयोग शून्य. माझ्या वहीत असं आहे: 'दुसरी आवृत्ती 1857. जुने शब्द, म्हणी, अर्थछटा यांसाठी आधी इथे. शुद्धलेखनासाठी अजिबात नाही.' शेवटचं वाक्य ठेच लागून आलंय. सुरुवातीला एका माहितीपत्रकात मी जुन्या कोशातलं लेखन जसंच्या तसं उचलून 'नांव', 'कांहीं' लिहिलं. मुद्रितशोधकाने पान लाल करून परत पाठवलं. ते अनुस्वार 1962च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी गेले, हे मला तेव्हा ठाऊकच नव्हतं.

सरकारी मजकूर असेल तर राज्य सरकारच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश, म्हणजे इंग्रजी संज्ञांना ठरवून दिलेल्या मराठी शब्दांचे कोश, बघ. तिथला शब्द बोजड वाटला तरी टिपेत लिही, शेजारी वर्तमानपत्रं काय वापरतात तेही.

आणि प्रत्येक टिपेखाली पाहिल्याची तारीख टाक. माझ्या जुन्या यादीतले निम्मे दुवे आता उघडतच नाहीत.