शेल्टरमधल्या कुत्र्याच्या कार्डावर 'हार्टवर्म पॉझिटिव्ह' लिहिलंय, तरी त्याला घरी आणावं का?

तुम्ही ऑस्टिनला राहता. शेल्टरमधला, म्हणजे बेवारस प्राण्यांच्या निवाऱ्यातला, तीन वर्षांचा कुत्रा मुलीला आवडलाय, पण कार्डावर 'हार्टवर्म पॉझिटिव्ह' लिहिलंय, म्हणजे त्याच्या हृदय-फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांत जंत झालेत. घरी सहा वर्षांची मुलगी आणि एक मांजर आहे, नोव्हेंबरात पुण्याहून आईबाबा येणार आहेत, आणि ते फोनवर म्हणतायत की जंत झालेलं कुत्रं घरात नको. असा तुमचा प्रश्न आहे.

माझं उत्तर: आणा. अट एकच. पुढचे पाच महिने त्याला पळू न देण्याचं काम घरातलं कुणीतरी मनापासून अंगावर घेणार असेल तरच आणा. औषधं, इंजेक्शनं डॉक्टर बघतात. त्याला शांत ठेवणं मात्र डॉक्टरांच्या हातात नाही, आणि निम्मा उपचार तोच आहे.

मी ह्यूस्टनजवळ राहते. गेली सात वर्षं शेल्टरमधली कुत्री दत्तक जाईपर्यंत घरी सांभाळते. आतापर्यंत अकरा आली, त्यातली चार पॉझिटिव्ह. मी डॉक्टर नाही. पण या चौघांचा उपचार पहिल्या गोळीपासून शेवटच्या तपासणीपर्यंत माझ्याच घरात झाला.

आधी आईबाबांची शंका. हे पोटातले जंत नाहीत. ते विष्ठेतून, लाळेतून, चाटण्यातून, एका भांड्यात खाण्यातून कुणालाही लागत नाहीत. कुत्र्यापासून माणसाला नाही, कुत्र्यापासून कुत्र्यालाही नाही. मध्ये डास लागतोच. डास आजारी कुत्र्याचं रक्त पितो तेव्हा त्या रक्तातली जंतांची अगदी बारीक पिल्लं, म्हणजे मायक्रोफिलेरिया, त्याच्या पोटात जातात. हवा उबदार असेल तर दहा ते चौदा दिवसांत त्यांची लागण करू शकणारी अळी होते. हवा १४ अंश सेल्सियसच्या खाली राहिली तर ही वाढ थांबते, पण आपल्याकडे टेक्सासात तशी थंडी टिकते किती दिवस? मग तो डास दुसऱ्या कुत्र्याला चावला की अळी चाव्याच्या भोकातून आत शिरते आणि सहा-सात महिन्यांत तिचा पुरा जंत होतो. माणसाला असा डास चावला तरी अळी सहसा आतच मरून जाते. फार क्वचित फुप्फुसात एखादी लहान गाठ एक्स-रेत दिसते, आणि तीही डासामुळे, घरातल्या कुत्र्यामुळे नाही. आईबाबांनी पुण्यात गोचीड तापाची कुत्री पाहिली असतील, हार्टवर्मची बहुधा नसतील. भारतात हा जंत मुख्यतः ईशान्येकडे सापडतो, त्यामुळे त्यांना नाव अनोळखी वाटणं साहजिक आहे.

आमच्या डॉक्टरांच्या काउंटरवर एका बरणीत कुत्र्याचं हृदय ठेवलंय. त्यातून पांढुरके जंत बाहेर लोंबतात, थेट शिजवलेल्या शेवयांसारखे. मादी २५ ते ३० सेंटीमीटर लांब वाढते. ते मुख्यतः फुप्फुसाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांत राहतात, फार झाले की हृदयाच्या उजव्या बाजूत उतरतात, आणि कुत्र्याच्या अंगात ५ ते ७ वर्षं जगतात. ती बरणी पाहिल्यावर 'सध्या काही त्रास नाही ना, मग राहू दे' असं म्हणायची माझी हिंमत कधी झाली नाही.

शेल्टरमध्ये इतकी पॉझिटिव्ह कुत्री का, असंही तुम्ही विचारलंय. कारण कुणीतरी महिन्याची गोळी दिली नाही, एवढंच. आयव्हरमेक्टिनची महिन्यातून एकदा द्यायची गोळी अमेरिकेत १९८७ पासून मिळते. ती मागच्या महिन्याभरात आत शिरलेल्या अळ्या मारते आणि पुढचं सगळं टळतं. ऑगस्ट २००५ मध्ये कॅटरिना वादळ आलं, तेव्हा अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या आखाती किनाऱ्यावरून सोडवून आणलेल्या कुत्र्यांची तपासणी झाली आणि त्यातली जवळजवळ निम्मी पॉझिटिव्ह निघाली. तीच कुत्री नंतर देशभर दत्तक गेली. आज अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत हा आजार आहे. लुइझियाना, मिसिसिपी, टेक्सास या पट्ट्यात तो सगळ्यात जास्त. म्हणून कार्डावरचा तो शब्द कुत्र्याचा दोष समजू नका. अशी कार्डं वाचून लोक पुढच्या पिंजऱ्याकडे सरकतात, आणि आतलं कुत्रं शेपटी हलवत जाळीला नाक लावून उभंच राहतं. मला ते अजूनही बघवत नाही.

आता उपचार. अमेरिकन हार्टवर्म सोसायटीने सांगितलेली पद्धत लांबलचक आहे, पण तिच्यातल्या प्रत्येक थांब्याला कारण आहे. आधी चार आठवडे डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक. या जंतांच्या अंगात वोल्बाकिया नावाचे जीवाणू राहतात. ते मेले की जंत अशक्त होतात आणि पुढे ते मरताना कुत्र्याला सूज कमी येते. सोबत महिन्याचं प्रतिबंधक औषध सुरू करतात, म्हणजे कोवळ्या अळ्या मरतात आणि नवी लागण होत नाही. रक्तात मायक्रोफिलेरिया असतील तर त्याचा पहिला डोस डॉक्टरांच्या नजरेखाली द्यावा, काही कुत्र्यांना त्याची रिअ‍ॅक्शन येते. मग महिनाभर नुसतं थांबायचं. साधारण ६१व्या दिवशी मोठे जंत मारणाऱ्या मेलार्सोमिनचं पहिलं इंजेक्शन. ते कमरेजवळ, पाठीच्या स्नायूत खोल देतात. आणखी महिन्याने लागोपाठ दोन दिवस दुसरं आणि तिसरं. हे औषध आर्सेनिकचं आहे आणि ते दुखतं. इंजेक्शनानंतर दोन दिवस कुत्रं उठायला तयार नसतं. त्याच्या वेदनेची गोळी आधीच मागून घ्या.

इंजेक्शन यशस्वी झालं म्हणजे जंत मरतात, आणि खरी भीती तिथेच सुरू होते. मेलेले जंत कुठे बाहेर पडत नाहीत. त्यांचे तुकडे रक्ताबरोबर फुप्फुसाच्या बारीक नळ्यांत जाऊन अडकतात आणि शरीर ते हळूहळू पचवतं. कुत्रं स्वस्थ असेल तर हे निभावतं. ते धावलं, रक्ताचा जोर वाढला, की तुकडे जोरात पुढे ढकलले जातात. इंजेक्शनानंतरचे सात ते दहा दिवस सगळ्यात धोक्याचे, आणि महिनाभर तरी धास्ती राहतेच.

आमच्याकडे टग्या होता. शेल्टरने त्याचं नाव टकर ठेवलं होतं, पण तो अंगाने एवढा दांडगा की आठवड्यात त्याचा टग्या झाला. दुसऱ्या-तिसऱ्या इंजेक्शनाला आठ दिवस झाले होते. तो खेळकर झाला होता, खात होता, आणि मी मनातून निर्धास्त झाले. दाराची बेल वाजली. मी क्रेटची, म्हणजे त्याच्या पिंजऱ्याची, कडी नुसती टेकवून दार उघडायला गेले. तो निसटला, मागच्या दाराने अंगणात गेला आणि खारीमागे तीन चकरा मारून आला. मिनिटभराचीसुद्धा गोष्ट नव्हती. रात्री अकराला तो खोकायला लागला. पुढचे पाय फाकवून, मान लांब करून उभा, बसेचना. हिरड्या बघितल्या तर फिकट राखाडी. रात्रीच्या इमर्जन्सी दवाखान्यात त्याला ऑक्सिजनवर ठेवलं, स्टिरॉइड दिलं, दोन रात्री तिथे काढल्या. तो वाचला. ती कडी मी नीट लावली असती तर त्याला यातलं काही भोगावं लागलं नसतं.

म्हणून सांगते, 'शांत ठेवायचं' याचा नेमका अर्थ समजून घ्या. शी-शूला बाहेर न्यायचं ते पट्ट्यावर, स्वतःच्या अंगणातसुद्धा. जिने नाहीत, सोफ्यावर उड्या नाहीत, चेंडू नाही, दुसऱ्या कुत्र्याशी मस्ती नाही. हे निदान झाल्या दिवसापासून सुरू होतं आणि शेवटच्या इंजेक्शनानंतर सहा ते आठ आठवड्यांपर्यंत चालतं. पहिल्या इंजेक्शनापासून तर बहुतेक वेळ क्रेटमध्ये. तीन वर्षांच्या धडधाकट कुत्र्याला हा तुरुंगच वाटतो, त्यामुळे त्याच्या डोक्याला काम द्या. मी जुन्या टॉवेलमध्ये खाणं पसरून गुंडाळी करते. ती नाकाने उलगडायला त्याला वीस मिनिटं लागतात. चाटायच्या चटईवर दही किंवा पीनट बटर लावते (डब्यावर झायलिटॉल, म्हणजे साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ, नाही ना, हे वाचल्याशिवाय देऊ नका, ते कुत्र्यांना विष आहे). फारच अस्वस्थ झाला तर डॉक्टर ट्रॅझोडोनसारखं औषध देतात. ते मागायला संकोच करू नका. चार जुलैच्या, म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाच्या, फटाक्यांसाठी आधीच आणून ठेवा. आणि मुलीला पहिल्याच दिवशी सांगा की तिने क्रेटशेजारी बसून त्याला गोष्टी वाचून दाखवायच्या, पळापळीचा खेळ पुढच्या वर्षी. माझ्या भाचीने टग्यासाठी अख्खी उन्हाळ्याची सुट्टी तसं केलं.

मांजराचं मात्र वेगळं आहे आणि तिथे मी जास्त कडक बोलेन. मांजराला मेलार्सोमिन देता येत नाही. मोठे जंत मारण्याचं सुरक्षित औषध मांजरांसाठी नाहीच. त्यांच्या अंगात जंत असतात एक, दोन, फार तर तीन, पण तेवढ्यानेही जीव जाऊ शकतो. खोकला, धाप, मधूनच उलट्या. बघणाऱ्याला दमा वाटतो. कधी काहीच लक्षण नसतं आणि एक जंत मेल्यावर मांजर अचानक कोसळतं. तपासणीही फसवी आहे. नेहमीची चाचणी मादी जंत ओळखते, आणि मांजरात एकटा नर असेल तर निकाल निगेटिव्ह येतो. म्हणून मांजराला मानेवर टाकायचं सेलामेक्टिनसारखं महिन्याचं औषध आजपासून सुरू करा, कुत्रा आणा किंवा आणू नका. 'ते घराबाहेर जात नाही' हे मला सांगू नका, डास घरात येतात. शेल्टरमधून कधी दुसरं मांजर घ्यायचं झालं तरी हेच.

शेल्टरमध्ये सही करण्याआधी काही गोष्टी विचारून घ्या. पॉझिटिव्ह निकाल दुसऱ्या चाचणीने पक्का केलाय का? रक्तात मायक्रोफिलेरिया दिसले का? छातीचा एक्स-रे झालाय का? कुत्रा खोकतो का, लवकर दमतो का? आणि उपचाराचा खर्च कोण देणार? बाहेरच्या दवाखान्यात तो हजार डॉलरच्या वर सहज जातो. बरीच शेल्टर सगळा किंवा काही भाग उचलतात, पण ठरलेल्या दवाखान्यातच आणि ठरलेल्या मुदतीतच, त्यामुळे हे लेखी घ्या. काही ठिकाणी इंजेक्शनं न देता डॉक्सिसायक्लिन आणि मॉक्सिडेक्टिन या प्रतिबंधक औषधावर जंत हळूहळू मारतात. पैसे नसतील किंवा कुत्र्याला इंजेक्शन झेपणार नसेल तर काहीच न करण्यापेक्षा ते नक्कीच बरं. पण त्यात महिनोन्‌महिने जातात, तेवढा काळ जंत रक्तवाहिन्या खराब करत राहतात, आणि पळण्यावरची बंदीही तेवढीच लांबते. तुमचा कुत्रा तरुण आहे. पर्याय असेल तर तीन इंजेक्शनांचाच आग्रह धरा, त्याने जवळजवळ ९८ टक्के जंत जातात.

आणि हा नको, निगेटिव्ह निघालेला दुसरा घेऊ, असं ठरवलंत तरी त्याची सहा महिन्यांनी पुन्हा चाचणी करा. लागण झाल्यावर पहिले पाच-सहा महिने ती कुठल्याच चाचणीत दिसत नाही. माझ्या चारांपैकी एक शेल्टरमध्ये निगेटिव्ह होती आणि माझ्या घरी पॉझिटिव्ह झाली.

मेच्या अखेरीस गोळ्या सुरू केल्या तर पहिलं इंजेक्शन जुलैच्या शेवटी, उरलेली दोन ऑगस्टच्या शेवटी, आणि आठ आठवडे धरले तर ऑक्टोबर संपता संपता त्याची सुटका. म्हणजे आईबाबा येतील तेव्हा तो पट्ट्यावर सावकाश फिरायला लागला असेल, आणि बाबांच्या सकाळच्या फेरीला त्यांच्याबरोबर जाऊ शकेल. जंत पुरते गेले का, ते शेवटच्या इंजेक्शनानंतर नऊ महिन्यांनी रक्त तपासून कळेल. टग्याचा तो निकाल निगेटिव्ह आला तेव्हा त्याला दत्तक घेतलेल्या काकूंनी मला सकाळी सहाला फोन केला होता.

कार्डावर मायक्रोफिलेरियापुढे काय लिहिलंय त्याचा फोटो काढून इथे खाली टाका. एक्स-रे झाला असेल तर तेही लिहा, मग पहिल्या आठवड्यात घरात काय तयारी ठेवायची ते सविस्तर सांगते.