एसजीएक्स२ मध्ये मेमरी वाढवायचीय? आधी एवढं बघ

अरे घाबरू नकोस, पण आधी मशीन बघ. एसजीएक्स म्हणजे इंटेल चिपमधली सोय, प्रोग्रामला ऑपरेटिंग सिस्टमपासूनही सुरक्षित मेमरी (एन्क्लेव्ह) देणारी; एसजीएक्स२ मध्ये ती चालू असतानाच वाढवता-घटवता येते. पुण्यात पासोड्या विठोबापाशी स्वस्तात मिळतो म्हणून कुठलाही लॅपटॉप उचलू नकोस, इंटेलने ११व्या-१२व्या पिढीपासून डेस्कटॉप-लॅपटॉपच्या कोअर चिप्समधून एसजीएक्स काढलंय. हिंजवडीत ऑफिसात आइस लेकचा झिऑन सर्व्हर असेल तर गोड बोलून लॉगिन मिळव. लिनक्स कर्नल ६.० किंवा पुढचाच घे, ५.११ मध्ये एसजीएक्स आलं खरं पण चालू एन्क्लेव्हला नवीन पेज (मेमरीचा तुकडा) देणं ६.० पासून.

आता मुख्य गोष्ट, इथेच सगळे अडकतात. एन्क्लेव्हने नसलेल्या पत्त्याला हात लावला की पेज फॉल्ट (पेज वापरता येत नसल्याची तक्रार) येतो आणि कर्नल ईऑग (पेज जोडायची सूचना) करून ४ केबीचं कोरं पेज जोडतो, पण ते लगेच वापरता येत नाही, एन्क्लेव्हने आतून ईअ‍ॅक्सेप्ट करावं लागतं, म्हणजे पेज मान्य आहे असं सांगावं लागतं, कारण इथे कर्नलवर विश्वासच नाहीये, ते विसरलास की परत फॉल्ट, मग बसतोस ड्रायव्हरला शिव्या देत.

काढतानाही तसंच:
- आधी पेजचा टाइप ट्रिम (म्हणजे काढायचं पेज)
- मग आतून ईअ‍ॅक्सेप्ट
- मगच रिमूव्ह

ईपीसी, म्हणजे एन्क्लेव्हसाठीच्या राखीव मेमरीचा साठा, बायोसमध्येच ठरतो, उगाच उधळू नकोस. परमिशनच्या भानगडीत आत्ता पडूच नको, एक पेज जोडून काढून दाखव, मग बोलू.