युद्धातल्या जखमी सैनिकांना रणांगणावरून बाहेर काढण्याची पद्धत कशी बदलत गेली? हेलिकॉप्टर यायच्या आधी काय करायचे?

हेलिकॉप्टरच्या फार आधी, अठराव्या शतकापर्यंत, बहुतेक वेळा लढाई थांबायची वाट बघत. फ्रेंच सैन्यात जखमींच्या गाड्या आघाडीपासून चार-पाच किलोमीटर मागे ठेवायचा दंडक होता. जखमी एकेक दिवस पडून राहायचा आणि रक्त जाऊन मरायचा. १७९२ नंतर डोमिनिक लारे या फ्रेंच सर्जनने घोड्यांनी वेगाने ओढल्या जाणाऱ्या तोफा पाहून तशाच हलक्या गाड्या जखमींसाठी बनवून घेतल्या. लढाई चालू असतानाच माणूस उचलायचा, आणि हुद्दा न बघता ज्याची जखम गंभीर त्याला आधी घ्यायचं. मला हा दुसरा नियम गाडीहून मोठा वाटतो.

१८६२ मध्ये अमेरिकेच्या यादवी युद्धात जोनाथन लेटरमनने टप्पे ठरवून दिले: आघाडीजवळ मलमपट्टी, थोडं मागे तंबूतलं रुग्णालय, मग शहरातलं मोठं रुग्णालय. आजही साखळी साधारण तीच आहे. एप्रिल १९४४ मध्ये ब्रह्मदेशात हेलिकॉप्टरने पहिल्यांदा जखमी सैनिक बाहेर काढले. कोरियात स्ट्रेचर हेलिकॉप्टरच्या बाहेर दोन्ही अंगांना बांधत, त्यामुळे उडताना उपचार करता यायचे नाहीत. व्हिएतनाममध्ये जखमी आत आला आणि वाटेतच उपचार सुरू झाले.

पण जखमीला लवकर डॉक्टरपर्यंत न्या, एवढा एकच रस्ता नव्हता. दुसरा रस्ता म्हणजे डॉक्टरनेच जखमीजवळ जायचं, आणि मी सोलापूरचा असल्यामुळे त्याबद्दल लिहिल्याशिवाय मला राहवत नाही. आमच्या सोलापुरात १९१० साली जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये, जपानने चीनवर चढाई केलेली असताना, भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले. उत्तर चीनच्या डोंगरांत रेल्वे आणि मोठे रस्ते जपान्यांच्या ताब्यात. गाडी नाही, विमान नाही. जखमींना गावकरी स्ट्रेचरवर घालून डोंगरवाटांनी नेत. अशा वाटेवर माणूस दगावणार हे ओळखून कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून यांनी शस्त्रक्रियेचं सगळं सामान खेचरांवर लादून आघाडीजवळ नेलं. १९३९ मध्ये एका लढाईत त्यांच्या पथकाने ६९ तासांत ११५ शस्त्रक्रिया केल्या. त्याच वर्षी बोटाला झालेल्या जखमेतून विषबाधा होऊन ते गेले. त्यांच्या नावाच्या रुग्णालयाची धुरा १९४१ मध्ये कोटणीसांकडे आली. शस्त्रक्रिया करता करता ते तिथल्या मुलांना डॉक्टरकी शिकवत होते. ९ डिसेंबर १९४२ ला, वयाच्या ३२ व्या वर्षी, अपस्माराच्या झटक्याने त्यांचं निधन झालं. सोलापुरात त्यांचं स्मारक आहे. इकडे आलात तर जरूर बघा.

हे जुनं झालं असं समजू नका. अफगाणिस्तानात अमेरिकेने २००९ मध्ये नियम केला की गंभीर जखमी एका तासात रुग्णालयात पोहोचलाच पाहिजे. हवेत शत्रू नव्हता म्हणून ते जमलं. युक्रेनमध्ये ड्रोनमुळे हेलिकॉप्टर आघाडीच्या जवळ फिरकू शकत नाही. जखमी कित्येक तास, कधी कधी दिवसभर खंदकातच अडकतो, अंधार पडल्यावर त्याला हलवतात. म्हणून आता डॉक्टर पुन्हा आघाडीजवळच्या तळघरांत शस्त्रक्रिया करत आहेत, आणि हातापायाचं रक्त थांबवणारा पट्टा स्वतःचा स्वतःला, एका हाताने कसा आवळायचा, हे सैनिकाला आधीच शिकवलं जातं.