फुल्यांचे ‘सदाचारी लोक’ म्हणजे क्वेकर का?

प्रश्न : नमस्कार ताई, मुलीच्या प्रोजेक्टसाठी महात्मा फुल्यांचं ‘गुलामगिरी’ (१८७३) परत काढलं. सुरुवातीलाच त्यांनी ते युनायटेड स्टेट्समधल्या सदाचारी लोकांना अर्पण केलंय, त्यांनी गुलामांना सोडवलं म्हणून. हे लोक कोण म्हणून गूगल केलं तर सारखं क्वेकर येतंय आणि आम्हाला क्वेकर म्हणजे ओट्सचा डबा. आणि मुलगी विचारतेय, हे लोक खरंच सगळ्यांना समान मानायचे का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : डब्याचं आधी सांगते. क्वेकर हा एक ख्रिस्ती पंथ, त्या कंपनीने नुसतं नाव आणि चित्र घेतलं, पंथाशी तिचा काही संबंध नाही. आणि फुल्यांनी कुणाचं नाव घेतलेलं नाही, त्यामुळे ते फक्त क्वेकर असं म्हणू नका, गुलामगिरी मोडायला सगळ्यात आधी खुद्द गुलामच लढलेत. पण गोऱ्यांमध्ये एक अख्खा पंथ म्हणून या विरुद्ध आधी उभे राहिले ते हेच.

सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉर्ज फॉक्सने हा पंथ काढला. प्रत्येक माणसात देवाचा अंश आहे, मग मध्ये पुजारी कशाला? सभेत सगळे गप्प बसतात, ज्याला आतून वाटलं तो उठून बोलतो, बाईसुद्धा. राजापुढेही टोपी काढायची नाही. आपल्याकडे वारीत सगळे एकमेकांच्या पाया पडतात, ते कुणाच्याच पाया पडत नाहीत, मला दोन्हीमागची गोष्ट एकच वाटते.

पण प्रोजेक्टमध्ये हे नक्की लिहा की अमेरिकेत गेलेले कितीतरी क्वेकर स्वतःच गुलाम बाळगायचे, पेनसिल्व्हेनिया वसवणारा विल्यम पेनसुद्धा. १६८८ मध्ये तिथल्याच जर्मनटाउन गावच्या चौघांनी गुलामगिरीला लेखी विरोध केला, तो कागद एका सभेकडून वरच्या सभेकडे गेला आणि तिथेच बारगळला. मग आला बेंजामिन ले, पाठीला कुबड, उंची जेमतेम चार फूट, गुहेत राहायचा, गुलामांच्या कष्टाची साखर तोंडात घालायचा नाही, कपड्याचं सूतसुद्धा स्वतः कातायचा. १७३८ मध्ये न्यू जर्सीतल्या बर्लिंग्टनला क्वेकरांच्या सभेत हा अंगावर मोठा कोट घालून गेला, आत सैनिकाचा पोशाख आणि तलवार, हातात पोकळ केलेलं पुस्तक आणि त्यात लाल रसाने भरलेली पिशवी. उभा राहिला, कोट फेकला, गुलाम ठेवणाऱ्यांवर देवाचा कोप होईल म्हणाला आणि तलवार पुस्तकात खुपसली, तो लाल रस आजूबाजूच्यांच्या अंगावर उडाला! त्याला उचलून बाहेर काढलं.

जॉन वूलमन अगदी उलटा, शांत माणूस, माउंट हॉलीचा शिंपी. तरुणपणी मालकाने सांगितलं म्हणून एका काळ्या बाईच्या विक्रीचा कागद त्याने लिहून दिला आणि ते त्याला जन्मभर टोचत राहिलं. नंतर तो गुलाम ठेवणाऱ्या क्वेकरांच्या घरी जाऊन बसायचा, समजावायचा, आणि निघताना तिथल्या गुलामांच्या हातावर त्यांच्या कामाचे पैसे ठेवायचा. यजमानाला काय वाटत असेल!

यांच्यात मतदान नसतं, सगळ्यांचं मन वळेपर्यंत विषय पुन्हापुन्हा येतो, म्हणून इतका वेळ गेला, पण वळलं की अख्खा पंथ वळतो. १७५८ मध्ये फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने गुलामांच्या खरेदीविक्रीत असलेल्यांवर कारवाई ठरवली, आणि १७७६ मध्ये गुलाम ठेवणाऱ्याला पंथात जागाच नाही असं ठरलं. त्या पहिल्या कागदापासून ८८ वर्षं! पुढे १७८७ मध्ये लंडनला गुलामांचा व्यापार बंद करायला कमिटी झाली, तिच्या १२ जणांपैकी ९ क्वेकर. शपथ घेत नाहीत म्हणून यांना पार्लमेंटमध्ये बसता यायचं नाही, म्हणून बाकीच्यांना सोबत घेऊन काम करावं लागलं, आणि १८०७ मध्ये ब्रिटनने तो व्यापार बंद केला.

आता तुमच्या लेकीचा प्रश्न, तो मला सगळ्यात जास्त आवडला. नाही, सगळे मानत नव्हते. फिलाडेल्फियात सारा डग्लस नावाची काळी शिक्षिका होती, ती आणि तिची आई ग्रेस क्वेकरांच्या सभेला जायच्या. तिथे काळ्यांसाठी वेगळा बाक होता. सारा लहान असताना कुणी गोरं त्या बाकाकडे आलं की सांगायचे, हा काळ्यांचा बाक आहे, आणि हे एकाच सभेत पाच-सहा वेळा तिच्या कानावर पडायचं. गुलाम सोडले पण शेजारी बसवलं नाही, याचा अर्थ सातारकरांना मी काय सांगू. मग साउथ कॅरोलिनातल्या गुलाम बाळगणाऱ्या घरातून आलेल्या दोन बहिणी, सारा आणि अँजेलिना ग्रिम्के, मुद्दाम त्याच बाकावर या मायलेकींच्या शेजारी जाऊन बसायला लागल्या. लेकीला चित्र काढायचं असेल तर त्या बाकाचं काढायला सांगा.