आई-बाबांना घेऊन मुरगावहून पहिल्यांदाच क्रूझला जातोय, चढताना आणि बोटीवर काय सांभाळावं?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही डिचोलीचे. आई ६९ वर्षांची, तिचे गुडघे दुखतात. बाबा ७४ चे, त्यांना मधुमेह आहे आणि इन्सुलिन चालू आहे. मुरगाव बंदरातून बोटीत चढायचं, लक्षद्वीप करून मुंबईला उतरायचं, आणि पुण्याचा भाऊ विमानाने येऊन तुम्हाला गोव्यात गाठणार. चौघांपैकी कुणीच आजवर बोटीवर रात्र काढलेली नाही.

मी पेडण्याचा. चौदा वर्षं परदेशी कंपन्यांच्या बोटींवर केबिन स्टुअर्ड होतो. आमच्याकडे बोटीवर नोकरी करणाऱ्याला तारवटी म्हणतात, आमच्या वाड्यावरच असे तिघं आहेत. माझ्याकडे अठरा खोल्या असायच्या. झाडलोट, चादरी, टॉवेल आणि प्रवाशांची बारीकसारीक अडचण हे सगळं मीच बघायचो. एवढ्या वर्षांत जे पाहिलं त्यावरून सांगतो, वयस्कर माणसांची सहल बिघडते ती बहुतेक वेळा चढण्याच्या दिवशीच, आणि तीही कोणती वस्तू कोणत्या बॅगेत ठेवली एवढ्याशा गोष्टीवरून. म्हणून आधी बॅगेचं.

टर्मिनलवर पोचल्यावर मोठ्या बॅगा हमालाकडे द्यायच्या असतात. त्या क्ष-किरण तपासणीतून जातात, पिंजऱ्यासारख्या गाड्यांतून बोटीत चढतात आणि मग एकेका डेकवर, म्हणजे बोटीच्या मजल्यावर, वाटल्या जातात. दुपारी दोनला दिलेली बॅग खोलीच्या दारात यायला कधीकधी रात्रीचे आठ-नऊ वाजतात. एकदा माझ्या खोल्यांत नागपूरचं एक जोडपं होतं. काकांचं इन्सुलिन मोठ्या बॅगेत गेलेलं. संध्याकाळी सात वाजता काकू दार उघडून उभ्या, डोळ्यांत पाणी. काका पलंगाच्या कडेला बसून होते, समोर जेवणाची वेळ झालेली आणि सुई घेतल्याशिवाय जेवता येत नाही. मी आणि माझा जोडीदार खालच्या डेकवर गेलो. तिथे भिंतीला लावून शेकडो बॅगा, त्यातल्या निम्म्या काळ्या. काकूंनी हँडलला हिरव्या खणाची चिंधी बांधली होती म्हणून साडेआठला सापडली.

तेव्हा औषधं, इन्सुलिन, ग्लुकोमीटर, डॉक्टरांची चिठ्ठी, चष्मे, ओळखपत्रं, चार्जर आणि प्रत्येकाचा एक कपड्यांचा जोड हे खांद्याच्या पिशवीत ठेवा. ही पिशवी कुणाकडेही द्यायची नाही. आईसाठी एक शाल त्यातच टाका, आतला एसी म्हाताऱ्या माणसांना बोचतो. मोठ्या बॅगेला कंपनीचा टॅग लावाल त्यावर पारदर्शक चिकटपट्टी फिरवा, एक टॅग आतही ठेवा, बॅगेचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा आणि हँडलला रंगीत चिंधी बांधाच. खोलीतला छोटा फ्रिज बाटली गार ठेवण्यापुरता असतो, इन्सुलिन त्याच्या भरवशावर ठेवू नका. स्टुअर्डला पहिल्या भेटीतच सांगा, तो वैद्यकीय विभागाच्या फ्रिजची व्यवस्था करतो. वापरलेल्या सुयांसाठी डबाही तोच आणून देईल. सुई कचऱ्याच्या टोपलीत टाकू नका, ती टोपली आम्ही हाताने रिकामी करतो.

आईला हेही आधीच समजावून सांगा की निरांजन, अगरबत्ती, कापूर काही चालणार नाही. समुद्रात आगीइतकी भीती दुसऱ्या कशाची नसते. इस्त्री, पाणी तापवायची किटली, कॉइल हेसुद्धा तपासणीत काढून घेतात. देवाचा छोटा फोटो न्या, फुलं न्या, दिवा मनातला लावा. माझ्या खोल्यांत एक आजी रोज सकाळी तसंच करायच्या.

आता बंदरापर्यंत पोचायचं. गोव्यात 'क्रूझ' या एका शब्दाचे तीन अर्थ होतात. मांडवीतली तासाभराची संध्याकाळची फेरी, कॅसिनोच्या बोटी आणि तुमची समुद्रातली बोट. टॅक्सीवाल्याला नुसतं क्रूझ म्हणालात तर तो सरळ पणजीला सांता मोनिका जेट्टीवर नेऊन सोडेल, आणि तिथून वास्को चांगलं तीस किलोमीटर आहे. 'मुरगाव बंदर, वास्को, क्रूझ टर्मिनल' असं पूर्ण सांगा. भावाच्या तिकिटावर विमानतळ कोणता आहे ते आजच बघा. 'जीओआय' म्हणजे दाबोळी, तिथून बंदर जवळ आहे. 'जीओएक्स' म्हणजे मोपा. मोपा माझ्या पेडणे तालुक्यात, राज्याच्या उत्तर टोकाला. तिथून वास्कोला यायला दीड-दोन तास धरा, वाटेत म्हापसा-पर्वरीला गाडी अडकली तर जास्तच. त्याच दिवशी दुपारच्या विमानाने येऊन बोट पकडायचा विचार असेल तर तो सोडून द्या. आदल्या दिवशी येऊ दे, तुमच्याकडे डिचोलीला झोपेल. बोट बस नव्हे, सुटली की सुटली.

कंपनीने दिलेल्या वेळेच्या आत वेब चेक-इन करून टाका, कागद छापून घ्या. बोर्डिंगची जी वेळ दिली असेल त्याच वेळी जा. फार आधी गेलात तर आई-बाबांना नुसतं उकाड्यात बसावं लागतं. मुरगाव हे चालू बंदर आहे. कोळसा, खनिज, ट्रक यांची ये-जा असते, पायी भटकू देत नाहीत. आईसाठी व्हीलचेअर बुकिंगच्या वेळीच मागून ठेवा आणि टर्मिनलच्या दारातच पुन्हा आठवण करा. ही खुर्ची फक्त चढण्या-उतरण्यापुरती असते, दिवसभर हवी असेल तर आपली न्यावी लागते. बोटीवर जायचा जो पूल असतो त्याला गँगवे म्हणतात. भरती-ओहोटीप्रमाणे त्याचा चढ कमी-जास्त होतो. आईला मध्ये घ्या, एकाने पुढे, एकाने मागे, आणि मागचे लोक घाई करत असले तरी तुम्ही करू नका.

चढताना एक कार्ड मिळतं. तेच खोलीची किल्ली, तेच पैशाचं पाकीट आणि तेच बोटीतून उतरायचं-चढायचं ओळखपत्र. बाबांचं कार्ड दोरीत ओवून गळ्यात घाला. आत रोख पैसे चालत नाहीत, सगळं त्या कार्डावर चढतं. बुफे आणि मुख्य डायनिंग हॉलचं जेवण तिकिटात असतं, पण थंड पेय, खास रेस्टॉरंटं आणि बऱ्याचदा बाटलीबंद पाणीसुद्धा वेगळं लागतं. रोज रात्री रिसेप्शनवर हिशेब बघा. चुकून चढलेली रक्कम त्याच दिवशी दाखवली की निघते, शेवटच्या सकाळी रांगेत उभं राहून निघत नाही.

खोली निवडायची अजून बाकी असेल तर बोटीच्या मधली आणि खालच्या मजल्यावरची घ्या. बोट नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाला, आणि मागे जास्त वर-खाली होते, मध्ये कमी. लिफ्ट जवळ असावी, डोक्यावर डिस्को किंवा स्वयंपाकघर नसावं. खिडकी नसलेली खोली स्वस्त पडते, पण दिवा मालवला की आत मिट्ट काळोख होतो. म्हातारी माणसं रात्री दोनदा उठतात. बाथरूमच्या दाराला वीतभर उंबरठा असतो आणि तिथेच माणसं पडतात. मी माझ्या खोल्यांतल्या वयस्कर प्रवाशांना पहिल्याच दिवशी तो उंबरठा हाताने थोपटून दाखवायचो. तुम्ही आई-बाबांना दिवसा तीन-चार वेळा तो ओलांडून बघायला लावा, रात्री बाथरूमचा दिवा चालू ठेवा. संडास व्हॅक्यूमचा असतो, बटण दाबलं की मोठा आवाज होतो, दचकू नका म्हणावं. त्यात कागदाखेरीज काही टाकलं तर पूर्ण रांगेतले संडास तुंबतात.

बोट सुटण्याआधी किंवा सुटता सुटता मस्टर ड्रिल होते, म्हणजे संकटात कुठे जमायचं त्याची कवायत. खूप लोक आई-बाबांना म्हणतात, तुम्ही पडा, आम्ही जाऊन येतो. असं अजिबात करू नका. १३ जानेवारी २०१२ ला इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा कॉनकॉर्डिया खडकावर आपटली, ३२ माणसं गेली. त्याच संध्याकाळी चढलेल्या प्रवाशांची कवायत तोवर झालेलीच नव्हती, कारण तेव्हाच्या नियमात चोवीस तासांची मुभा होती. २०१५ पासून नियम बदलला, आता सुटण्याआधी किंवा सुटल्या सुटल्या ती घ्यावीच लागते. सात छोटे भोंगे आणि एक लांब, हा आवाज आई-बाबांच्या कानात बसू दे. तुमची जागा कार्डावर आणि खोलीच्या दारामागे लिहिलेली असते. खोलीपासून त्या जागेपर्यंत जिन्याने एकदा आईच्या चालीने चालून बघा, कारण अशा वेळी लिफ्ट बंद असते. आईला जिना जमणारच नसेल तर ते रिसेप्शनवर नोंदवा. मदतीला कोण येणार ते ठरवून ठेवलेलं असतं.

बोट झुवारीच्या मुखातून बाहेर पडते तेव्हा सगळ्यांना वर उघड्या डेकवर न्या. उजव्या हाताला दोना पावल्याचं टोक आणि राजभवन, मग मागे पडत जाणारा आग्वादचा किल्ला. काळोख पडला असेल तर दीपस्तंभाचा झोत फिरताना दिसतो. मी प्रत्येक कराराच्या आधी घर सोडताना रडलोय, पण समुद्रातून आपला किनारा बघताना मनाला जे होतं ते वेगळंच. आई-बाबांना हे दाखवायचं राहू देऊ नका.

मळमळीबद्दल तुम्ही खास विचारलंय. ऑक्टोबर ते मे समुद्र साधारण शांत असतो, तरी पहिली रात्र काहींना जड जाते. गोळी घ्यायची तर मळमळ सुरू व्हायच्या आधी घ्यावी लागते, नंतर उपयोग कमी. पण या गोळ्यांनी झोप येते, तोल जातो, म्हणून बाबांच्या डॉक्टरांना विचारूनच. आलेपाक न्या (बाबांना साखर चालत नाही, त्यांना नुसता आल्याचा तुकडा), कोरडी बिस्किटं न्या. पोट रिकामं ठेवू नका, तुडुंबही भरू नका. अस्वस्थ वाटलं की खोलीत आडवं न होता मधल्या डेकवर मोकळ्या हवेत येऊन क्षितिजाकडे बघत बसायचं. मोबाइल आणि पुस्तक बंद.

मोबाइलवरून आठवलं. किनारा दूर गेला की फोन बोटीवरचं सागरी नेटवर्क पकडतो आणि त्याचं बिल अंगावर काटा आणणारं येतं. सुटल्यावर चौघांचेही फोन विमान मोडवर टाका. घरच्यांना आधीच सांगून ठेवा की दीड-दोन दिवस फोन लागणार नाही.

बुफेला जाण्याआधी हात साबणाने धुवा. दारात सॅनिटायझर असतो, पण बोटीवर जुलाब-उलट्या पसरवणाऱ्या नोरोव्हायरसवर तो फारसा चालत नाही, साबणच लागतो.

लक्षद्वीपला मोठी बोट धक्क्याला लागत नाही. ती बाहेर नांगर टाकते आणि छोट्या होडीतून बेटावर नेतात. आईसाठी सगळ्यात अवघड क्षण हाच. होडी लाटेबरोबर वर-खाली होत असते. खलाशी हात पुढे करेल तेव्हा त्याची बोटं धरायची नाहीत, मनगट धरायचं, म्हणजे तोही तिचं मनगट धरेल आणि पकड सुटणार नाही. दुसरा हात रिकामा हवा, पर्स-पिशवी तुमच्याकडे. तो 'आता' म्हणेल तेव्हाच पाय टाकायचा. समुद्र खवळलेला असला आणि तिला भीती वाटली तर तिला बोटीवरच राहू द्या, जबरदस्ती नको. बेटांवर जायला परवाना लागतो, कंपनी मागेल ते कागद वेळेत पाठवा. प्रवाळाचा तुकडा आठवण म्हणूनही उचलू नका, कायद्याने गुन्हा आहे. परतीची शेवटची होडी किती वाजता ते उतरतानाच विचारा.

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा टॅग लावून दाराबाहेर ठेवायच्या असतात. त्या सकाळी थेट मुंबईच्या टर्मिनलवर मिळतात. ती खांद्याची पिशवी पुन्हा पहिल्या दिवसासारखीच भरा, सकाळचं इन्सुलिन आणि सकाळी घालायचे कपडे त्यात. वैद्यकीय फ्रिजमध्ये ठेवलेलं आठवणीने रात्रीच परत घ्या. मुंबईला उतरताना व्हीलचेअर हवी हे आदल्या दुपारीच सांगा, सकाळी एकदम सगळेच मागतात.

डेक आणि खोलीचा नंबर मिळाला की इथे लिहा. लिफ्ट किती लांब आहे आणि डोक्यावर काय आहे ते बघून सांगतो.