बडोद्यात घर आणि दवाखान्याच्या बॅकअपसाठी सोलर घ्यावं की डिझेल जनरेटर?

तुम्ही लिहिलंय की समा भागात दोन मजली घर आहे, खाली मिसेसचा लहान मुलांचा दवाखाना, तिथे लसींचा फ्रिज, आणि २०२४ च्या पुरानंतर बॅकअप घ्यायचंच असं ठरवलंय. मी बडोद्यातच इलेक्ट्रिकची कामं करतो, दोन्ही बसवतो, तुमच्या जागी असतो तर सोलर घेतलं असतं, पण बॅटरीसकट.

बॅटरीसकट असं मुद्दाम म्हणतोय कारण इथेच लोक फसतात. सबसिडीत जो साधा ऑनग्रिड सोलर (बॅटरी नसलेला, थेट बाहेरच्या लाईनला जोडलेला) बसवतात तो लाईट गेली की बंद पडतो. भर दुपारी गच्चीवर ३ किलोवॅटची पॅनेलं तापतायत आणि खाली पंखा बंद, लोक घाबरून फोन करतात की सिस्टीम बिघडली, तर बिघाड काहीच नसतो, इन्व्हर्टर तसाच बनवलेला असतो. बाहेरची लाईन बंद करून खांबावर वायरमन चढला असेल आणि तुमच्या गच्चीवरचा करंट उलटा तारेत गेला तर त्याचा जीव जाईल ना. म्हणून कोटेशन घेताना हायब्रिड इन्व्हर्टर (लाईट गेल्यावर पॅनेल आणि बॅटरीवर घर चालवणारा) आणि लिथियम बॅटरी असं स्पष्ट सांगा. पीएम सूर्यघर या केंद्र सरकारच्या योजनेची सबसिडी ३ किलोवॅटला ७८,००० रुपये आहे, ती पॅनेलवर, बॅटरीचा खर्च आपला आपल्यालाच.

आता किती लागेल ते. चार पंखे, दहाबारा एलईडी, घरचा फ्रिज, लसींचा फ्रिज, वायफाय, हे सगळं मिळून साधारण ६०० ते ७०० वॅट धरा. ५ युनिटची लिथियम बॅटरी यावर सहासात तास आरामात जाते आणि दिवसा ३ किलोवॅटची पॅनेलं चांगल्या उन्हात १२ युनिटच्या आसपास देतात, म्हणजे घर चालून बॅटरी परत भरते. एसी मात्र बॅकअपच्या लाईनवर घेऊ नका, दीड टनाचा एक एसी एकटाच ती बॅटरी चार तासांत संपवेल. पाण्याची १ एचपीची मोटर पण सुरू होताना पाचसहा पट करंट ओढते, इन्व्हर्टर त्या हिशोबाने मोठा घ्या नाहीतर टाकी लाईट असतानाच भरून ठेवा. आणि लसी २ ते ८ डिग्रीतच राहिल्या पाहिजेत, तर साध्या फ्रिजऐवजी आइस लाइन्ड फ्रिज बघा, त्याच्या आत बर्फाचा थर असतो, दार उघडलं नाही तर लाईट नसताना पण थंडी बरेच तास टिकते.

डिझेल जनरेटर वाईट नाही. लिफ्टची सोसायटी असेल, हॉस्पिटल असेल, सलग मोठा लोड असेल तर मी जनरेटरच सांगतो, पावसात ढग असोत नसोत, टाकीत डिझेल आहे तोवर तो चालणार. पण तुमचा लोड त्याच्यासाठी फार कमी आहे. लहान सेट एका लिटरला फार तर ३ युनिट देतो, म्हणजे नुसत्या डिझेलचेच युनिटला ३० रुपयांच्या आसपास, आणि रोज नुसत्या पंख्या-दिव्यांवर चालवला तर इंजिन नीट तापत नाही, आत काजळी धरते, धूर वाढतो. शिवाय महिनोन्महिने नुसता उभा राहिला की डिझेल खराब होतं आणि बॅटरी उतरते, मग ऐनवेळी सेल्फ मारला तर स्टार्टच होत नाही. दवाखान्यात तापाने फणफणलेली मुलं येणार, खिडकीखाली तो आवाज आणि धूर मला तरी नको वाटतो. घेतलाच तर बंद पार्किंगमध्ये किंवा जिन्याखाली कधीच ठेवू नका, कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो, झोपेत माणसं जातात.

आणि पुराचं म्हणाल तर २०२४ च्या ऑगस्टमध्ये आपली विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली होती, तेव्हा खाली कंपाउंडमध्ये ठेवलेले जनरेटर सगळ्यात आधी बुडले, जे वाचले त्यांना डिझेल आणायला रस्ता नव्हता. गच्चीवरचं पॅनेल तरी पाण्याबाहेर राहतं. ढगात उत्पादन खूप पडतं हे खरं, पण पाऊस थांबल्यावर पाणी उतरेपर्यंतच्या दिवसांत ऊन असतं आणि तेव्हाच लाईट नसते. पाण्यात बुडू नयेत म्हणून बॅटरी, इन्व्हर्टर आणि बॅकअपचा डीबी (स्विचांची पेटी) पहिल्या मजल्यावर बसवा, गच्चीच्या पत्र्याच्या खोलीत नको, मे महिन्याच्या उकाड्यात लिथियमचं आयुष्य कमी होतं. दवाखान्याच्या सॉकेटची वायरिंग पण जमिनीपासून वर घ्या. पॅनेलचं स्ट्रक्चर डोक्यावरून उंच करून घ्या, उत्तरायणला पतंग उडवायला गच्ची मोकळी हवीच.

शेवटचा हप्ता द्यायच्या आधी बसवणाऱ्याला तुमच्यासमोर मेन स्विच पाडायला सांगा, एकदा दुपारी आणि एकदा अंधार पडल्यावर. दोन्ही वेळा लसींचा फ्रिज चालू राहिला तरच पैसे द्या.